फी म्हणून सांगितलं, निघालं कर्ज

बडोद्यात अलकापुरीतल्या एका क्लासबद्दल लिहितेय. नाव देत नाही, पद्धत मात्र नीट बघून ठेवा.

जाहिरात अशी: "कोडिंग येत नाही? हरकत नाही! सिस्टिम डिझाइन शिका, नोकरीची हमी." सिस्टिम डिझाइन म्हणजे मोठं सॉफ्टवेअर कुठल्या भागांतून, कसं उभं करायचं ते ठरवणं. मी औषध कंपनीत डिस्पॅच सांभाळते. आमचं सॉफ्टवेअर बदलायचं घाटत होतं. त्या मीटिंगांमध्ये नुसती मान डोलवायची नव्हती, म्हणून चौकशीला गेले. काउन्सेलर मराठीच निघाली. "दांडियाबाजारच्या ना तुम्ही? मग घरच्याच की, ताई!" फी ८०,००० आणि 'बिनव्याजी हप्ते'. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी, झालं काम. तो ओटीपी कर्जाच्या कराराचा होता. कर्ज एका फायनान्स कंपनीचं, माझ्या नावावर. क्लासला त्यांची रक्कम एकदम मिळाली.

शिकवणं म्हणजे चौकोन काढणं. लोड बॅलन्सर (आलेलं काम सर्व्हरांमध्ये वाटणारा), कॅश (सारख्या लागणाऱ्या माहितीची हाताशी ठेवलेली प्रत), डेटाबेस (माहितीचा मूळ साठा), मध्ये बाण. तिकीटबुकिंग असो की किराणा, चित्र तेच. एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं: दिवसाला १० लाख रिक्वेस्ट, म्हणजे वापरणाऱ्यांच्या मागण्या, म्हणून डेटाबेसचे तुकडे करून वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवा, शार्डिंग. मी मोबाइलवर भागाकार केला. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सेकंदाला सरासरी बारा. गर्दीच्या वेळी दसपट धरल्या तरी सव्वाशेच्या आत. साध्यासुध्या रिक्वेस्ट असतील तर एक बरा सर्व्हर एवढं सहज पेलतो, मग तुकडे कशाला? आणि डेटाबेसमध्ये भाव बदलला, कॅशमध्ये जुनाच राहिला, तर गिऱ्हाइकाला कुठला दिसणार? "ते ॲडव्हान्स मोड्यूलमध्ये." त्याची फी वेगळी! (डेमो लेक्चरलाच हे प्रश्न विचारा, माणूस लगेच कळतो.)

पुढे सर गेले, रेकॉर्डेड व्हिडिओ आले, मग फोन उचलेनासे झाले. फायनान्सवाले म्हणतात, "क्लासचं क्लासला विचारा. हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल."

'हप्ते' म्हटलं की करार कुणाशी, ते आधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे वार्षिक खर्चाचा दर दाखवणारं पत्रक करारापूर्वीच द्यावं लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्ज बंद करता येतं. मला पत्रक ईमेलवर आलं तेव्हा ती मुदत टळून गेली होती. कोचिंगवाल्यांनी नोकरीच्या खोट्या हमीची जाहिरात करू नये, असंही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावलंय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि फीची पावती जोडली. पावतीवर 'पूर्ण फी जमा' असं लिहिलंय. कर्जाचा त्यात उल्लेखही नाही.