जॉनी कॅशची ‘माय मदर्स हिम बुक’ : कुणी घ्यावी, कशी ऐकावी

अमेरिकन गायक जॉनी कॅश म्हटलं की काळे कपडे, फॉल्सम तुरुंगातली मैफल आणि ‘हर्ट’चा व्हिडिओ आठवतो. त्यामुळे गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, हा त्याचा म्हातारपणीचा उद्योग असावा असं अनेकांना वाटतं. खरं तर मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सच्या दारात तो उभा राहिला तोच गॉस्पेल गायक म्हणून. मालक सॅम फिलिप्सनी सांगितलं की हे विकलं जात नाही, दुसरं काही आण. त्याने ते आणलं आणि नाव कमावलं, पण ही ठसठस गेली नाही. 1958 मध्ये तो कोलंबिया कंपनीकडे गेला त्यामागे भक्तिगीतांची अख्खी तबकडी करू देण्याची हमी हे एक ठळक कारण होतं. ती तबकडी, ‘हिम्स बाय जॉनी कॅश’, 1959 मध्ये आली.

‘माय मदर्स हिम बुक’ (‘माझ्या आईचं भक्तिगीतांचं पुस्तक’) ही तबकडी या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आहे. कॅश 12 सप्टेंबर 2003 रोजी गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अनअर्थ्ड’ हा पाच सीडींचा संच निघाला आणि त्यातली चौथी सीडी ही होती. एप्रिल 2004 मध्ये ती सुटी मिळू लागली. निर्माता रिक रुबिन. गाणी 15, बहुतेक दोन-तीन मिनिटांची. ड्रम नाहीत, कोरस नाही, व्हायोलिन नाही. एक आवाज आणि एक गिटार, बस्स. आपण केलेल्या सगळ्या तबकड्यांत ही आपली सर्वांत आवडती, असं कॅशनेच म्हणून ठेवलंय.

गाणी त्याच्या आईच्या, कॅरी कॅशच्या, जुन्या गीतपुस्तकातली. आर्कान्सामधल्या डायस वसाहतीत हे कुटुंब 1935 मध्ये आलं. मंदीत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने वसवलेली ही वसाहत, कापसाची काळी चिकण जमीन आणि पाच खोल्यांचं घर. 1944 मध्ये थोरला भाऊ जॅक लाकूड कापायच्या करवतीवर जखमी होऊन गेला. जॉनीला गाणं शिकता यावं म्हणून आईने लोकांचे कपडे धुतले. शिकवणीच्या बाईंनी मात्र तिसऱ्या धड्यालाच सांगितलं, की तुझं गाणं बदलायला कुणालाही देऊ नकोस, मलाही नाही. या रेकॉर्डिंगमध्ये तो सल्ला अजून पाळलेला ऐकू येतो. सूर सजवलेला नाही, गळ्याची एकही हरकत घेतलेली नाही. ओळ संपली की आवाज तिथेच खाली ठेवून दिलेला.

आता ऐकण्याचं. मोबाइलच्या स्पीकरवर ही तबकडी ऐकू नका. कॅशचा आवाज खर्जातला, गिटारची सर्वांत जाड तार साधारण 82 हर्ट्झची, आणि फोनचा चिमुकला स्पीकर त्या पट्ट्यात जवळजवळ मुका असतो. मग उरते ती नुसती घोगरी कुजबुज, आणि ‘म्हातारा दमलाय’ असं वाटून आपण बंद करतो. साधे वायरचे हेडफोन किंवा बरे शेल्फ स्पीकर पुरतात. उलट चूकही होते. बास बूस्ट चालू असेल तर ‘प’, ‘ब’ या अक्षरांना धप्प आवाज येतो, कारण माइक तोंडाजवळ आहे. इक्वलायझर सपाट ठेवा. आवाजही बेताचा ठेवा, खोलीत समोर बसून कुणी गातंय इतपत. मग तारेवर सरकणारी बोटं आणि ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. तो ऐकू आला नाही तर या तबकडीत घेण्यासारखं फारसं उरत नाही.

दोष आहे, आणि तो लहान नाही. पंधराही गाणी एकाच बाजाची. ओळीने ऐकायला बसलात तर सातव्या-आठव्याला लक्ष सुटतं. म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याने क्रम मोडावा. आधी ‘आय शॅल नॉट बी मूव्ह्ड’ आणि ‘आय’ल फ्लाय अवे’, ही चालीची, टाळी धरता येणारी. त्यातलं दुसरं अल्बर्ट ब्रमलीचं, 1932 मध्ये आर्कान्सामधल्याच हार्टफर्ड म्युझिक कंपनीने छापलेलं. म्हणजे कॅशच्या जन्माच्या वर्षीचं, त्याच्याच राज्यातलं. त्यानंतर ‘इन द गार्डन’ आणि ‘सॉफ्टली अँड टेंडरली’ घ्या. ही दोन्ही संथ, झोक्यासारख्या लयीची. दुसऱ्यात शब्द जेमतेम उच्चारलेत आणि तेच बरोबर आहे. ‘डू लॉर्ड’ मला फिकं वाटलं. त्या गाण्याला मागून चार गळे लागतात, एकट्याने ते उचललं जात नाही.

शेवटचं ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ हे शार्लट एलियटचं 1835 चं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चर्चमध्ये प्रवचनानंतर लोकांना पुढे बोलावताना गातात ते. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात धरून वाढलेल्यांना इथल्या एकदोन चाली ओळखीच्या निघण्याचा संभव आहे. रेव्हरंड टिळकांच्या अभंगांची गोडी वेगळी, पण परदेशी चालींवरची गीतंही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गायली गेलीत.

गिटार शिकणाऱ्यांसाठी ही सीडी शिकवणीइतकी कामाची. बरीचशी गाणी तीन कॉर्डमध्ये बसतात. जी, सी आणि डी येत असतील तर सुरुवात करा. चार मात्रांच्या गाण्यात अंगठ्याने खालच्या सुराची तार, मग हलका झाडू (बाकीच्या तारांवरून एकदम फिरवलेला हात), पुन्हा तार, पुन्हा झाडू. तीन मात्रांच्या गाण्यात एक तार आणि दोन झाडू. नवशिक्याचं इथेच बिघडतं: झाडू तारेपेक्षा जोरात पडतो आणि आवाज बुडतो. दुसरी अडचण पट्टीची. कॅशची पट्टी बहुतेकांना खाली पडते. पुरुषांनी कॅपो (सूर चढवण्यासाठी गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या खणावर, लावून बघावा, बायकांनी चौथ्या-पाचव्यापासून सुरुवात करावी. कॅशसोबत वाजवायचं असेल तर मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, बंद ठेवा. ओळीच्या शेवटी तो मनाप्रमाणे थांबतो, मोजत बसलात तर पुढे निघून जाल.

याच्याच जोडीने काय घ्यावं? 1969 ची ‘द होली लँड’ उत्सुकतेपोटी. इस्राएलच्या प्रवासात त्याने टेपरेकॉर्डरवर केलेलं निवेदन तिच्यात आहे, ते दुसऱ्यांदा ऐकवत नाही. पण कार्ल पर्किन्सने लिहिलेलं ‘डॅडी सँग बास’ तिच्यातच आहे. ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ घरात असेल तर तिचं शेवटचं गाणं ‘ग्रेस्टोन चॅपल’ पुन्हा लावा. तुरुंगातल्या चर्चवरचं ते गाणं तिथल्याच ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलं होतं. गॉस्पेलची पूर्ण सजावट हवी असेल तर 1979 ची ‘अ बिलिव्हर सिंग्ज द ट्रुथ’ बरी. वाद्यं, कोरस सगळं आहे. कॅशची आधीची तुरुंग-रेल्वेवाली गाणी एवढीच आवडत असतील, तर हिम बुकवर पैसे घालवू नका, आधी 1994 ची ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ ऐका. तिच्यातही बहुतेक ठिकाणी एक माणूस आणि एक गिटारच आहे, पण विषयांत विविधता आहे.

‘अनअर्थ्ड’चा संच आधीच असेल तर सुटी सीडी घेण्यात अर्थ नाही, गाणी तीच. ऑनलाइन शोधताना सांभाळा. कॅशची भक्तिगीतं म्हणून वेगवेगळ्या काळातली रेकॉर्डिंगं एकत्र कोंबलेले स्वस्त संग्रह ढिगाने आहेत आणि मुखपृष्ठ पाहून फसायला होतं. यादी उघडून बघा: पहिलं ‘व्हेअर वी’ल नेव्हर ग्रो ओल्ड’, पंधरावं ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’. मध्ये कुठे ड्रम किंवा कोरस ऐकू आला, तर ती ही तबकडी नव्हे.