शांत रस्ते हवेत? गुलाबी नकाशा घ्या

इंग्लंडच्या गावाकडच्या रस्त्यांवर सायकल चालवायची तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा, गुलाबी मुखपृष्ठाचा लँडरेंजर नकाशा हवाच. प्रमाण १:५०,०००, एका नकाशात ४० बाय ४० किलोमीटरचा पट्टा, म्हणजे दिवसभराची सोय. लाल-नारिंगी रस्ते टाळून बारीक पिवळी रेघ धरा: चार मीटरहून अरुंद, दोन्हीकडे कुंपणाची झुडपं, गाड्या तुरळक. रेघेवर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. बाणाचं टोक उताराकडे असतं, इथेच नवखे फसतात. पांढऱ्या रेघेवर मात्र भरवसा नको; डांबर संपून शेतातला चिखल लागू शकतो. 'फोर्ड' लिहिलंय तिथे ओढा रस्त्यावरून वाहतो, शेवाळावर चाक सटकतं. शरद ऋतूत झुडपं छाटल्यावर काटे रस्त्यावर पडतात, दोन ट्यूब बाळगा. कागद भिजला की घडीवर फाटतो, तेवढी एक खोट.