ब्रॅकिपोडियम की सेटारिया?

हवामानाशी जुळवून घेणारी जनुकं रानटी गवतात शोधायची म्हटलं, की गाडी शेवटी या दोघांपाशीच येऊन थांबते. दोन्ही गवतं मी वाढवली आहेत.

कागदावर ब्रॅकिपोडियम डिस्टॅकिऑन सरस दिसतं. जनुकसंच (म्हणजे सगळा डीएनए) लहान, सुमारे २७२ मेगाबेसचा, म्हणजे २७.२ कोटी डीएनए-अक्षरांचा, आणि २०१० सालीच हाती आलेला. पुढे २०१७ मध्ये ५४ वाणांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले. स्पेनपासून तुर्कस्तान, इराकपर्यंतचे नमुने मिळतात. फक्त गुणसूत्रं मोजून घ्या. हुबेहूब दिसणारं, पण गुणसूत्रांची संख्या वेगळी असलेलं ब्रॅकिपोडियम हायब्रिडम २०१२ मध्ये वेगळी जात ठरलं, बियांच्या जुन्या पाकिटांवर मात्र डिस्टॅकिऑनच लिहिलेलं असू शकतं.

माझं घोडं अडलं ते फुलोऱ्यापाशी. काही वाण थंडीशिवाय झटपट फुलतात, तर काहींना कित्येक आठवडे थंडी दिल्याखेरीज ओंबीच धरत नाही. एकाच ट्रेमध्ये एका कुंडीतल्या ओंब्या वाळायला लागलेल्या आणि शेजारची कुंडी नुसती पानांनी भरलेली. अशा वेळी पाणी तोडलं तर नक्की काय मोजतो आपण? पहिलं वाण दुष्काळ सोसत नाही, आधीच उरकून मोकळं होतं. त्यात या जातीतले मोठे आनुवंशिक गटही बरेचसे फुलोऱ्याच्या वेळेनुसारच पडलेले आहेत, त्यामुळे फुलोऱ्याची वेळ आणि दुष्काळ सोसणं यांची ही गाठ संख्याशास्त्रानेही सहजी सुटत नाही.

सेटारिया विरिडिसमध्ये हा त्रास मला खूपच कमी जाणवला. दिवस लहान ठेवला की बहुतेक वाणं लवकर आणि बऱ्यापैकी बरोबरीने कणसावर येतात. शिवाय ते सी-४ गवत, म्हणजे उन्हात कमी पाण्यात जास्त अन्न बनवणारं, ज्वारी-मका-उसाच्या वळणाचं, आणि आपल्या राळ्याचं रानटी मूळ. अमेरिकेतल्या सुमारे ६०० रानटी नमुन्यांवरचं काम २०२० मध्ये आलं. दाणे झडण्याशी संबंधित लेस-१ हे जनुक त्यातूनच सापडलं. राळ्यात तेच निकामी झालेलं आहे.

दाणे झडतात ही सेटारियाची खोड खरी. कणीस पिवळं पडू लागताच बटर पेपरची पिशवी चढवा. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, लगेच उगवलं नाही म्हणून टाकून देऊ नका.

गहू-बार्ली (ब्रॅकिपोडियम त्यांच्याच वळणाचं) किंवा खुद्द थंडीची गरज हाच तुमचा विषय असेल, तर ब्रॅकिपोडियमला पर्याय नाही. पण प्रश्न उन्हाचा आणि पाण्याचा असेल, तर मी तरी आधी सेटारियाचं बी मागवीन.