आधी अक्कादियन शिकावी की सुमेरियन?

मेसोपोटेमियाच्या इतिहासाची गोडी लागली की हा प्रश्न हमखास पडतो. आजच्या इराकमध्ये या दोन भाषा शतकानुशतकं शेजारी नांदल्या, एकाच क्यूनिफॉर्म, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत मातीच्या पाट्यांवर लिहिल्या गेल्या, पण त्यांचं नातं काहीच नाही. अक्कादियन ही अरबी-हिब्रूच्या कुळातली, लेखी पुरावा असलेली सर्वांत जुनी सेमिटिक भाषा. सुमेरियनला मात्र सख्खं-चुलत कोणीच सापडलेलं नाही.

मराठी माणसाला पहिला सुखद धक्का सुमेरियन देते. ‘राजाने घर बांधले’ हे वाक्य सुमेरियनमध्ये ‘लुगल-ए ए मुन्दू’ असं होतं. लुगल म्हणजे राजा, त्याला चिकटलेला ‘ए’ म्हणजे आपला ‘ने’; दुसरा ‘ए’ म्हणजे घर. इंग्रजी विद्यार्थ्याला जो कर्त्याचा प्रत्यय समजून घ्यायला आठवडे लागतात, तो आपण रोज बोलतो. तेच वाक्य अक्कादियनमध्ये ‘शर्रुम बीतम ईपुश’. इथे ‘ने’ नाही, पण क्रियापद शेवटीच. बाकीच्या जुन्या सेमिटिक भाषांत ते बहुधा आधी येतं. अक्कादियनला ही सवय सुमेरियनच्या सहवासाने लागली असं अभ्यासक मानतात.

एवढं वाचून सुमेरियनकडे वळावंसं वाटेल. तरीही मी आधी अक्कादियनच सांगेन, आणि ठामपणे सांगेन.

कारण सुमेरियन आपल्याला कळली तीच मुळात अक्कादियनमुळे. इ.स.पू. २०००च्या आसपास सुमेरियन बोलण्यातून गेली, पण पाठशाळांमधून संस्कृतसारखी पुढे दोन हजार वर्षं टिकली. ती शिकणाऱ्या पोरांची भाषा अक्कादियन होती. त्यांच्यासाठी केलेल्या दुभाषी शब्दयाद्या हीच आपली शिडी. सुमेरियन क्रियापदाला मागे-पुढे जे प्रत्यय लागतात, त्यांतल्या काहींच्या अर्थावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. नवख्याने तिथे सुरुवात केली तर पाय ठेवायला घट्ट जमीन मिळत नाही.

अक्कादियनमध्ये ती मिळते. हुकूम, हाकीम, हुकूमत हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. ह-क-म ही तीन व्यंजनं तीच, स्वर बदलले की अर्थ बदलतो. तसंच प-र-स: ‘इप्रुस’ म्हणजे त्याने निवाडा केला, ‘इपर्रस’ म्हणजे तो निवाडा करतो, ‘पुरुस्सूम’ म्हणजे निवाडा. एक साचा पाठ झाला की कितीतरी धातू त्यात बसतात. कोशही भक्कम आहे. शिकागो विद्यापीठात १९२१ साली सुरू झालेलं काम २०११ मध्ये संपलं, २१ खंड झाले आणि ते सगळे इंटरनेटवर मोफत आहेत. सुमेरियनसाठी पेनसिल्व्हेनियाचा ऑनलाइन कोश उपयोगी पडतो.

मात्र सुरुवात सम्राट सारगॉनच्या काळच्या जुन्या अक्कादियनने करू नका. त्या काळचा मजकूर कमी आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या काळची, म्हणजे इ.स.पू. अठराव्या शतकातली बाबिलोनी घ्या; ती अक्कादियनचीच एक बोली. त्याचा कायदा आहेच, पण मला पत्रं जास्त आवडतात. ऊर शहरातल्या ईआ-नासिर या व्यापाऱ्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने तांबं निकृष्ट निघालं म्हणून खरमरीत पत्र धाडलं होतं. ती पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुरुवात अशी: ‘ईआ-नासिरला सांग, नन्नी असं म्हणतो’. पत्र वाचून दाखवणाऱ्यालाच उद्देशून हे ‘सांग’. काही महिन्यांच्या अभ्यासाने ही ओळ स्वतः वाचता येते, आणि तो आनंद मोठा आहे.

लिपीचं ओझं पहिले काही आठवडे बाजूला ठेवा, रोमन लिप्यंतरावर शिका. एकच खूण सुमेरियनमध्ये ‘अन’ म्हणजे आकाश किंवा ‘दिंगिर’ म्हणजे देव, तर अक्कादियनमध्ये ‘इलुम’ म्हणजे देव किंवा नुसतं ‘अन’ हे अक्षर. पहिल्याच दिवशी हे अंगावर घेऊ नये.

एक अपवाद. तुमची ओढ स्तोत्रांची, एनहेदुआन्नाची असेल तर सुमेरियनला पर्याय नाही. ती अक्कादियन सम्राट सारगॉनची मुलगी, ऊरच्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण, पण तिच्या नावावरच्या रचना सुमेरियन आहेत.

आणि सिंधू संस्कृतीच्या धाग्याने इथवर आला असाल, तर आज ना उद्या दोन्ही लागतील. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कादियन काळातली एक छोटी मुद्रा आहे. तिच्यावर मालकाची ओळख कोरली आहे: शू-इलिशू, मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातलं नाव अक्कादियन आहे, हुद्दा सुमेरियनमध्ये लिहिलेला आहे.