झूम एच१एन: कातकरी वाडीवर इतिहास टिपायला कसा?

बाहेरून येऊन कातकरी आजा-आजींकडून त्यांचा इतिहास शिकणाऱ्याला हा छोटा रेकॉर्डर पुरतो, पण हातात धरून नाही. प्लास्टिकच्या अंगावर बोट हललं तरी खरखर येते. छोट्या तिकाटण्यावर, खाली गोधडी घालून, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा.

ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंदच हवं. आजी आठवायला थांबली की ते कोंबड्यांचा आवाज वर खेचतं, आणि कातभट्टीच्या (खैराच्या लाकडापासून कात काढायच्या भट्टीच्या) गोष्टीत अशा थांबण्यालाच वजन असतं. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास धरा. किनाऱ्यावरच्या वाऱ्याला माइकवरची फोमची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी घ्या.

खरी अडचण हंगामाची. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात माणसं भेटतात, तर पत्र्यावरची सर सगळं गिळते. खालच्या पट्टीची घरघर कापणारा लो-कट फिल्टर तिथे निकामी. सर थांबेस्तोवर चहा घ्यावा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण १ जीबी. ३२ जीबी कार्डात तीसेक तास. ट्रिपल-एचे २ सेल लागतात, जादा जोडी ठेवा.

परवानगी आधी विचारा, मग सुरुवातीला त्यांच्याच आवाजात घ्या. दिवंगतांचा आवाज कोणाला ऐकवायचा, हेही तेव्हाच ठरवा; ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत त्याआधी सूचना देतात. वाडीला प्रत देताना वेव्ह फाइल जड जाते, एमपी३ करून मेमरी कार्डावर द्या.