एमबीआर की जीपीटी?

दारव्ह्याहून भाच्याचा फोन: विंडोज टाकताना डिस्कच घेत नाही मामा, एमबीआर ठेवू की जीपीटी करू? डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन, त्यांची नोंद म्हणजे पार्टिशन टेबल; ती नोंद ठेवायच्या या दोन पद्धती.

खर्च दोन्हींत शून्य. एमबीआरमध्ये प्रायमरी (मुख्य) पार्टिशन चारच, डिस्क 2 टीबीपर्यंत आणि पार्टिशन टेबलाची प्रत एकच. जीपीटीत विंडोज 128 पार्टिशन देतं, शिवाय टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. आपल्याकडे लाइन केव्हाही जाते, त्यात टेबल बिघडू शकतं, म्हणून मला ती प्रत फार मोलाची वाटते.

मेहनत मात्र जीपीटीला जास्त. इन्स्टॉलरमधून बदलायचं तर अख्खी डिस्क पुसावी लागते. कापसाच्या हिशेबाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घे, बाप्पा!

मशीन सुरू करणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे लेगसी बायोस, एवढाच असलेल्या जुन्या मशीनला एमबीआरच ठेव. त्याचा नवा अवतार यूईएफआय असेल, विंडोज 11 हवं असेल, तर जीपीटी.