ऑनलाइन विकायला रोपं बरी की किडीची औषधं?

बागकामाचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की रोपं विकायची की त्यांच्यावरच्या किडींची औषधं, हा प्रश्न लगेच येतो. गिऱ्हाईक तेच, म्हणून दोन्ही ठेवावं असंही वाटतं. पण कायदा या दोन मालांकडे अगदी वेगळ्या नजरेनं बघतो. पुण्याजवळ छोटी रोपवाटिका चालवताना मला यातलं एक निवडावं लागलं. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच. तरी औषधांची बाजू जमेल तितकी नीट मांडतो, कारण काहींसाठी तीच योग्य ठरेल.

रोपांचे नियम चार ठिकाणी विखुरलेले आहेत, पण ओझं हलकं आहे. मनी प्लांट, स्नेक प्लांट, जास्वंद, अडेनियम अशी शोभेची रोपं विकायला मला वेगळा विक्री परवाना काढावा लागला नाही. फळझाडांचं तसं नाही. आंबा, चिकू, पेरू, लिंबू यांची कलमं आली की महाराष्ट्र फळ रोपवाटिकांचा १९६९ चा कायदा लागू होतो. कृषी विभागाचा परवाना लागतो, आणि खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) कुठला, त्यावर बांधलेली डोळकाडी कुठल्या मूळ झाडाची, याची नोंद ठेवावी लागते. ही अट मला मनापासून पटते. हापूस म्हणून घेतलेलं कलम भलतंच निघालं, हे कळायला गिऱ्हाइकाची चार-पाच वर्षं जातात. भाजीपाल्याच्या बियांची पाकिटं ठेवलीत तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालचा परवाना वेगळा. घटपर्णी, निळा वांडा (एक ऑर्किड) अशा काही जंगली वनस्पती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या वाटेला परवान्याशिवाय जाऊ नका, कोणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. परदेशातून रोपं मागवून विकायचा विचार असेल तर २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही हवं.

जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. मोठी विक्री-संकेतस्थळं तरीही जीएसटी क्रमांक मागतात, असा माझा अनुभव. त्यामुळे स्वतःच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात केलेली बरी.

रोपांचा खरा त्रास वाटेतला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि आठवडाभर खोक्यात कोंडलेलं रोप हे सदोषच. त्यामुळे काय पाठवायचं हे आधी ठरवावं लागतं. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, माती झाडून मोकळ्या मुळांनी गुंडाळलेलं अडेनियम हे गडी कितीही धक्के खातात. नेचे, कोलियस, जरबेरा नाही टिकत. मी पार्सल सोमवारी-मंगळवारी सोडतो, म्हणजे रविवार कुठल्या गोदामात जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या ऑर्डरी घेत नाही. माल हाती आल्यावर पैसे, ही सोय ठेवलेली नाही, कारण नाकारलेलं पार्सल परत येईपर्यंत रोप मेलेलं असतं. काही रोपं मरणारच, ती किमतीत धरायची. हा त्रास सवयीनं कमी होतो.

आता औषधं. इथं एकच मोठा कायदा आहे, कीटकनाशक कायदा १९६८, आणि त्याखालचे १९७१ चे नियम. औषधाची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे झालेली हवी, विकणाऱ्याकडे राज्याचा परवाना हवा. तो मिळवायला कृषी किंवा संबंधित विज्ञान शाखेचं शिक्षण लागतं. शिवाय ज्या कंपनीचा माल ठेवायचा तिचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे तिचा माल विकायला तिनं दिलेलं संमतीपत्र, परवान्यात जोडून घ्यायचं, साठा नोंदवही ठेवायची, गुणनियंत्रण निरीक्षक आले की दाखवायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमांत बदल होऊन परवानाधारकांना ऑनलाइन विक्रीची वाट अधिकृतपणे मोकळी झाली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळावर आली. म्हणजे दार उघडं आहे, आणि फायदाही चांगला. बाटली मरत नाही, उन्हात कोमेजत नाही, महिनोन्‌महिने फळीवर राहते. निंबोळीवर आधारित औषधांवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. हिशेबाच्या वहीत औषधं जिंकतात, हे मान्य करतो.

मला अडलं ते दुसरीकडेच. गॅलरीत बाग करणाऱ्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय, काय मारू आणि किती? आता लेबल बघा. निंबोळीचं १५०० पीपीएम तीव्रतेचं औषध घेतलंत तर त्यावर कापसावरची पांढरी माशी, बोंडअळी, भातावरचे तुडतुडे, खोडकिडा असं लिहिलेलं असतं, आणि मात्रा हेक्टरी. कुंडीतली जास्वंद त्यात नाही. लेबल क्लेमच्या, म्हणजे लेबलवर नोंदलेल्या पीक-किडीच्या, बाहेरचा सल्ला द्यायचा नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. मग समोरच्याला सांगायचं काय? हेक्टरी लिटरांवरून एका कुंडीचे थेंब काढून देणं मला बरोबर वाटत नाही. मोठ्या कॅनमधून तीस मिलीच्या बाटल्या भरून स्वतःचा कागद चिकटवणं तर उघड बेकायदा. बाटली कितीही छोटी असो, तिच्यावर नोंदणी क्रमांक, विषारीपणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन आणि सोबत विषबाधेवरच्या उताऱ्याची माहिती देणारं पत्रक लागतंच.

यावर बाजारात एक पळवाट रुळली आहे. निंबतेलच, पण नाव ‘प्लांट टॉनिक’ किंवा ‘पानांना चकाकी’. वर्णनात कीड हा शब्द नाही, पण चित्रात मावा दिसतो आणि खालच्या प्रश्नोत्तरांत सगळं सांगून टाकलेलं असतं. अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबाचा क्रियाशील घटक, कायद्याच्या अनुसूचीत आहे. किडीसाठी म्हणून विकलं की ते कीटकनाशक. मीही हे करून बघावं असं एका पुरवठादारानं सुचवलं होतं. मला ते जमणार नाही, हे मी त्याच दिवशी सांगितलं. गिऱ्हाईक ज्यासाठी वस्तू घेतंय तेच वर्णनात लिहायचं नाही, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, एवढंही मोकळेपणानं सांगायचं नाही, कारण सांगितलं की वस्तू औषध ठरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ती औषधं कितीतरी जहाल होती, गॅलरीतल्या निंबतेलाशी त्यांची बरोबरी करत नाही. पण औषध विकताना तोंड बंद ठेवणं मला कोणत्याच मात्रेत पटत नाही.

रोपांचं तसं नाही. रोपाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं लिहिता येतं: ऊन किती, पाणी केव्हा, कुठली कीड आधी येते आणि पानाच्या कुठल्या बाजूला बघायचं. किडीचा प्रश्न आला की पानं उलटून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा, जास्त झालेली फांदी छाटा, एवढं सांगतो. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे ठेवले आहेत; त्यांत रसायन नाही. त्यानं भागलं नाही तर जवळच्या कृषी सेवा केंद्रात फांदीचा तुकडा घेऊन जा म्हणतो. त्यात माझी विक्री जाते, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी रोप घ्यायला परत येतं, असं मला दिसलं आहे.

तुमच्या घरात कृषी पदवीधर असेल, किंवा आधीच कृषी सेवा केंद्र असेल आणि उगम प्रमाणपत्रं फाईलला लागलेली असतील, तर तुमची गणितं वेगळी. परवाना आहे, २०२२ च्या बदलाचा फायदा घ्या. गिऱ्हाईक शेतकरी असेल तर लेबल आणि प्रश्न जुळतातही. फक्त गॅलरीवाल्यांसाठी वेगळी यादी करा आणि तीत घरगुती किंवा शोभेच्या झाडांसाठी नोंदलेलीच औषधं ठेवा. गांडूळखत, निंबोळी पेंड विकायची असेल तर तो तिसराच कागद आहे, १९८५ चा खत नियंत्रण आदेश. सुरुवातीलाच कृषी कार्यालयात विचारून घ्या.

बाकी सगळ्यांना मी रोपंच सुचवेन. त्यातही फळझाडं दुसऱ्या वर्षी, परवाना हातात आल्यावर. पहिल्या वर्षी टणक पानांची सात-आठ रोपं निवडा, जूनचे पहिले पाऊस झाले की पाठवायला लागा, आणि दिवाळीपर्यंत किती जिवंत पोचली ते लिहून ठेवा.